सरपंचपद आता ओपन पडलंय, मी परत उभी राहू का?

प्रश्न: आमचं गाव खटाव तालुक्यात. पाच वर्षं मी सरपंच होते, पद महिलेला राखीव होतं म्हणून. आता सोडतीत ओपन पडलंय तर पॅनलवाले म्हणतायत वहिनी, तुमचं झालं, आता गड्यामाणसाला चान्स द्या. मिस्टर स्वतःच उभे राहायचं म्हणतायत. मला कायद्यानं उभं राहता येतं का?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर: येतं की! ओपन म्हणजे सगळ्यांना ओपन, ‘पुरुष राखीव’ असलं काही कायद्यात नाहीच. 1993 पासून निदान एक तृतीयांश आणि 2011 पासून आपल्या राज्यात निम्मी पदं महिलांना ठेवली, पण लोकांनी त्याचा अर्थ उरलेली निम्मी गड्यांचीच असा लावून टाकला. त्यात आरक्षण फिरतं, बाईला कुठं इस्टिमेट, बिलं, पंचायत समितीचे हेलपाटे कळायला लागतात तोवर सोडत निघते आणि ती परत घरात.

आता एक विचारते, राग मानू नका. तुमच्या डिजिटल सहीचं डोंगल कुणाच्या खिशात होतं? वित्त आयोगाच्या पैशाचं पेमेंट सरपंच आणि ग्रामसेवकाच्या डिजिटल सहीनं होतं, आणि कितीतरी गावात बाईच्या नावाचं ते डोंगल मिस्टरांच्या गाडीच्या किल्लीला अडकवलेलं असतं, ओटीपी त्यांच्याच मोबाईलवर, मासिक सभा रात्री जेवणं झाल्यावर आणि प्रोसिडिंग सकाळी सहीला घरी, भाकरीचं पीठ हाताला असताना. मग गटार झालं, पाण्याची टाकी झाली तरी गाव म्हणतं दादांनी केलं, आणि आता दादा तुमच्याच कामावर मतं मागणार. खरी अडचण ही आहे, ओपन-राखीव नंतरची गोष्ट.

पॅनलचं म्हणाल तर ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, त्यामुळं तिकीट कापायचा प्रश्नच नाही, पॅनलनं नाही घेतलं तरी अर्ज भरता येतो. सरपंच 2022 पासून परत थेट जनतेतनं निवडला जातो, म्हणजे सदस्यांची जुळवाजुळव करत बसायला नको, गावातल्या बाया थेट तुम्हाला मत देऊ शकतात. पैसा आणि माणसं मात्र पॅनलकडंच असतात, ते सोपं आहे असं मी म्हणणार नाही. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, ती तुमच्या काळात खरंच भरायची का नुसत्या सह्या फिरायच्या? भरत असेल तर त्या बायकांकडं आधी जा, मिस्टरांशी बोलणं नंतर करा (घरात दोन अर्ज गेले तर काय होईल ते तुम्हालाच जास्त माहिती).

आणि हो, मागच्या निवडणुकीचा खर्चाचा हिशोब निकालानंतर 30 दिवसात दिला होता ना? तो राहिला असेल तर अपात्र ठरवू शकतात, तेव्हा अर्ज भरायच्या आधी तहसीलला जाऊन पोच बघून या, स्वतः जा.