डोळ्यांचा चकवा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

दृष्टिभ्रमांच्या म्युझियमला मुलांना नेण्याबद्दल प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. झाग्रेबमध्ये २०१५ साली सुरू झालेल्या म्युझियम ऑफ इल्युजन्सची शाखा आता दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमध्ये आहे, दुबईतही आहे. चेन्नईला क्लिक आर्ट म्युझियम आहे. जागा कुठलीही असो, आतले प्रकार बरेचसे सारखेच असतात, म्हणून उत्तरं एकत्र देत आहोत.

मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. दोघांना एकत्र न्यावं का? किती वेळ धरावा? – एक आई, ठाणे

जरूर न्या, पण दोघांकडून एकच अपेक्षा ठेवू नका. चार वर्षांच्या मुलाला आरसे, रंगीत सावल्या आणि वाकडी खोली यांत मजा येते, कारण तिथे त्याचं स्वतःचं शरीर खेळात असतं. भिंतीवरच्या ‘कुठली रेघ मोठी?’ छाप चित्रांत तो रमणार नाही, त्याला तिथे थांबवून ठेवू नका. नऊ वर्षांच्या मुलीला मात्र हीच चित्रं पट्टीने मोजायला द्या.

दीड तास पुरतो. त्यापुढे लहान मूल कंटाळतं आणि मोठ्यांचं लक्ष फक्त फोटोंवर राहतं. शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळा. गर्दीत प्रत्येक ठिकाणी रांग लागते, ‘काका, लवकर करा’ सुरू होतं आणि मुलाला नीट बघायला मिळतच नाही. चष्मा असेल तर तो घरी विसरू नका. चपलेपेक्षा घट्ट बसणारे बूट बरे, उतरत्या जमिनीवर चप्पल सटकते.

एक गोष्ट आवर्जून करा. मूल फसलं की लगेच ‘चल पुढे’ म्हणू नका. त्याला दोन पावलं बाजूला न्या आणि भ्रम नेमका कुठे तुटतो ते शोधू द्या. म्युझियममधला खरा आनंद त्या दोन पावलांत आहे.

खुर्चीवर छोटासा मुलगा बसलेला दिसतो, असा फोटो काढायचा होता. आमच्या फोटोत खुर्ची तुटलेलीच दिसली. वाकड्या खोलीतही मजा आली नाही. – नाशिक

त्या खुर्चीचे दोन भाग वेगवेगळ्या अंतरावर असतात. पाय कॅमेऱ्याजवळ आणि नेहमीच्या मापाचे. बसायची जागा कितीतरी मागे आणि अवाढव्य. एका ठरावीक बिंदूतून बघितलं तरच दोन्ही जुळतात. पाय जवळ असल्यामुळे फोन दोन सेंटिमीटर जरी सरकला तरी सांधा उघडा पडतो.

जमिनीवर किंवा स्टँडवर फोटोची खूण असते. तिथे फोनचा मध्य नाही, तर *लेन्स* आणायची. बहुतेक फोनची लेन्स वरच्या कोपऱ्यात असते, त्यामुळे फोन खुणेवर धरला तरी लेन्स भलतीकडेच असते. एक डोळा मिटून स्क्रीनवर कडा जुळवा. वाइड लेन्स बंद करून साधी १एक्स वापरा. पोर्ट्रेट मोड तर अजिबात नको. तो मागचं सगळं धूसर करतो आणि तुमचा मुलगा नेमका मागेच बसलेला असतो. फोकससाठी बोट त्याच्यावर टेकवा, फ्लॅश बंद ठेवा.

वाकडी खोली म्हणजे एम्स रूम. अमेरिकन संशोधक एडलबर्ट एम्स यांचं नाव तिला मिळालं. समोरून चौकोनी वाटणाऱ्या या खोलीचा एक कोपरा दुसऱ्यापेक्षा बराच दूर असतो. जवळचा कोपरा ३ मीटरवर आणि दूरचा ६ मीटरवर असेल, तर दूरचं मूल निम्म्या उंचीचं दिसतं. जमीन उतरती, छत तिरकं आणि खिडक्या तिरक्या चौकटीच्या, म्हणून अंतरातला फरक मेंदूला कळत नाही. खोली सरळ आहे असं तो गृहीत धरतो आणि माणसालाच लहान-मोठं ठरवतो.

इथे फोटोपेक्षा व्हिडिओ काढा. मुलाला मागच्या भिंतीला लागून एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात हळूहळू चालू द्या. चालता चालता तो ‘वाढतो’. मग त्याला बाहेर आणून खोलीसमोरच्या बघायच्या भोकातून बघू द्या आणि आत तुम्ही चाला. आतल्या माणसाला काहीच विचित्र वाटत नाही, म्हणून प्रत्येक मुलाला दोन्ही बाजू मिळायलाच हव्यात.

फिरत्या बोगद्यात मुलगी रडली, मला मळमळलं. काही धोका असतो का? – पुणे

पूल स्थिर असतो, फिरतो तो भोवतीचा नळकांड्यासारखा पडदा. डोळे सांगतात ‘तू कलंडतेयस’, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते ‘तू सरळ उभी आहेस’. या भांडणातून मळमळ येते आणि शरीर उगाचच एका बाजूला झुकतं.

उपाय सोपे आहेत. दोन्ही हात कठड्यावर ठेवा, नजर पायाखालच्या पुलावर. फारच झालं तर डोळे मिटा, भ्रम क्षणात थांबतो. मुलीला हे आधी बाहेर समजावून सांगा: ‘डोळे मिटलेस की सगळं थांबेल.’ सुटकेची वाट हातात असली की मुलं घाबरत नाहीत. पोटभर जेवून लगेच आत जाऊ नका. लहान मुलाला खांद्यावर बसवून तर नेऊच नका, कारण तोल गेला तर तुमचे हात मोकळे हवेत. तरीही ती नको म्हणाली तर बाहेरून पुढे जा, आग्रह करू नका.

मुलाला फिट्स येतात. – नागपूर

लुकलुकणाऱ्या दिव्यांचं दालन आहे का, हे तिकीट काढण्याआधी फोन करून विचारा. असेल तर ते वगळा. बाकीच्या दालनांबद्दल त्याच्या डॉक्टरांचं मत घ्या.

ठिपक्यांच्या चित्रात लपलेला प्राणी सगळ्यांना दिसला, माझ्या मुलाला नाही. तो हिरमुसला. – कोल्हापूर

आधी त्याला सांगा की हे कित्येक मोठ्यांनाही पहिल्यांदा जमत नाही. या चित्रात दोन्ही डोळ्यांची नजर कागदाच्या *मागे* जुळावी लागते, आणि वाचायची सवय झालेले डोळे हट्टाने कागदावरच येतात.

चित्रावर काच असेल तर काम सोपं आहे. मुलाला काचेतलं स्वतःचं प्रतिबिंब बघायला सांगा. तो काचेपासून ४० सेंटिमीटरवर असेल, तर प्रतिबिंब त्याच्यापासून ८० सेंटिमीटरवर असतं, म्हणजे नजर आपोआप चित्राच्या मागे जाते. अर्धा मिनिट प्रतिबिंबावरच टिकायचं, ठिपके धूसर होऊ द्यायचे. काच नसेल तर नाक चित्राला टेकवून अतिशय हळू मागे यायचं. चित्र उमटायला लागलं की मुलं ‘दिसलं!’ म्हणून डोळे रोखतात आणि ते पळतं. तेव्हा श्वास घेऊन पुन्हा सैल बघायचं.

वेगवेगळ्या दिवशी करूनही काहीच दिसलं नाही, किंवा तो एक डोळा मिटून बघतो, मान तिरकी करतो, झेल सोडतो असं लक्षात आलं, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा. एका डोळ्याची नजर कमजोर असेल तर वस्तू किती जवळ, किती दूर ते नीट कळत नाही आणि हे घरात सहज लक्षात येत नाही. सात-आठ वर्षांच्या आत उपचार सुरू झाले तर ते जास्त लागू पडतात. म्युझियमने निदान होत नाही, पण शंका मात्र येऊ शकते. ती झटकू नका.

एका टेबलाभोवती मीच पाच जण बसलेली दिसले! घरी करता येईल का? – दुबई

येईल. तिथे दोन आरसे ७२ अंशांच्या कोनात उभे असतात आणि टेबल म्हणजे गोलाची फक्त एक फोड. ३६० भागिले ७२ म्हणजे पाच: एक खऱ्या तुम्ही आणि चार प्रतिबिंबं.

घरी एकाच मापाचे दोन चौकोनी आरसे घ्या, मागून सेलोटेपने पुस्तकासारखे जोडा आणि कंपासपेटीतल्या कोनमापकावर उभे करा. मध्ये नाणं ठेवा. ९० अंशांना चार नाणी, ६० ला सहा, ४५ ला आठ. कोन अधलामधला झाला की सांध्यापाशी अर्धवट तुकडा दिसतो, मुलांना तो जुळवायला फार आवडतं. आरशांच्या कडा धारदार असतात, आधी त्यांवर टेप गुंडाळा. शेवटी ९० अंशांच्या सांध्यासमोर मुलाला उभं करून उजवा हात हलवायला सांगा. समोरचाही आपला *उजवाच* हात हलवतो.

चाळीस मुलांची सहल न्यायची आहे. नुसता धुडगूस होऊ नये म्हणून काय करू? – शिक्षिका, सातारा

आठ-आठांचे पाच गट करा, प्रत्येकाबरोबर एक मोठं माणूस द्या आणि गट वेगवेगळ्या टोकांपासून सुरू करा. आरशांच्या भूलभुलैयात पळायचं नाही, एक हात पुढे आणि नजर जमिनीच्या कडेवर. तिथे कपाळं आपटतात ती पळण्यामुळेच.

प्रत्येकाला कागदाची एक पट्टी द्या. बाणांच्या दोन रेघांचा भ्रम, जो जर्मन संशोधक म्युलर-लायर यांनी १८८९ मध्ये मांडला, तो दिसला की पट्टीवर लांबीची खूण करून पडताळायचं. आदल्या दिवशी वर्गात हेच करा. फळ्यावर २० सेंटिमीटरची रेघ काढून टोकांना आत वळलेले बाण द्या. शेजारी टोकं बाहेर उघडणारी रेघ मुलाने ‘तेवढीच’ वाटेपर्यंत वाढवत न्यायची, मग मोजायची. बहुतेकांची रेघ आखूड निघते. उत्तर माहीत असूनही पुढच्या वेळी ती परत आखूडच निघते, आणि मुलांना सगळ्यात जास्त आश्चर्य याचंच वाटतं.

घरी आल्यावर मुलं ‘अजून दाखवा’ म्हणतात. खर्च न करता काही? – रत्नागिरी

जत्रेतला प्लास्टिकचा मुखवटा घ्या, वाघाचा नको, माणसाचा. मागची खोलगट बाजू आपल्याकडे करून उभा करा, खोली अंधारी करा आणि टॉर्च *खालून* मारा. तीन मीटरवर उभं राहून एक डोळा मिटा. खोलगट चेहरा फुगून बाहेर येतो आणि तुम्ही डावी-उजवीकडे सरकलात की तो तुमच्याकडे वळून बघतो. चेहरा नेहमी बाहेर आलेला असतो आणि उजेड वरून येतो, या दोन सवयी मेंदू सोडत नाही. खालून प्रकाश पडलेला खड्डा म्हणून त्याला वरून प्रकाश पडलेला उंचवटा वाटतो. फसत नसेल तर आणखी मागे जा, जवळून दोन्ही डोळ्यांनी भ्रम टिकत नाही.

आणि कोजागरीची वाट बघा. चंद्र उगवताना क्षितिजावर ताटाएवढा दिसतो. हात ताणून करंगळीचं नख त्याच्यासमोर धरा, तो पूर्ण झाकला जातो. मग दूध आटेपर्यंत थांबा, चंद्र डोक्यावर आला की पुन्हा तेच नख धरा.