दात नसलेल्या पक्ष्यांचे जाते

प्रश्न : आमच्या परसात सहा-सात गावरान कोंबड्या आहेत. ज्वारी, तांदळाची कणी असे खाणे त्यांना भरपूर मिळते, तरीही त्या अंगणातील बारीक खडे टिपून गिळतात. हे एखाद्या आजाराचे लक्षण आहे का? त्यांना रोखावे का?

उत्तर : मुळीच रोखू नये. आपल्या कोंबड्या निरोगी आहेत आणि त्या खडे चुकून गिळत नाहीत. आजच्या कोणत्याही पक्ष्याला दात नसतात. चोच दाणा उचलते, फार तर फोडते. चावण्याचे काम मात्र पोटात होते आणि त्या कामासाठी कोंबडीला हे खडे लागतात.

गिळलेला दाणा प्रथम मानेच्या बुडाशी असलेल्या पिशवीत, म्हणजे अन्नपुटात, साठतो. तिन्हीसांजेला खुराड्यात शिरणाऱ्या कोंबडीच्या छातीच्या वरच्या बाजूला हात लावून पाहावा. दाण्यांनी टम्म भरलेली ही पिशवी बोटांना स्पष्ट लागते आणि सकाळी ती रिकामी झालेली असते. येथे दाणा भिजून मऊ होतो व थोडाथोडा पुढे सरकतो. पुढच्या ग्रंथिल जठरात त्याच्यावर आम्ल व पाचक रस पडतात आणि मग तो पेषणीत पोहोचतो.

कलेजीबरोबर मिळणारा पेठा म्हणजेच ही पेषणी. ती उभी चिरली, तर जाड, गडद लाल स्नायूंच्या आत पिवळसर, सुरकुतलेले, चिवट अस्तर दिसते. साफ करताना आपण सोलून टाकतो ते हेच. त्यात अर्धवट भरडलेली ज्वारी आणि कडा झिजून गुळगुळीत झालेले खडे सापडतात. स्नायू आवळले की दाणे या खड्यांमध्ये रगडले जातात, आणि पीठ पुरेसे बारीक झाले नसेल, तर ते जठराकडे मागे ढकलले जाऊन पुन्हा दळणाला येते. जाते गुळगुळीत झाले की त्याला टाकी लावून घ्यावी लागते. कोंबडीला ती सोय नाही. झिजून बारीक झालेले खडे विष्ठेवाटे बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी ती नवे टिपते. आपण पाहता ते नेमके हेच.

या स्नायूंची ताकद अठराव्या शतकातच पाहिली गेली होती. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी दाणे खाणाऱ्या पक्ष्यांना धातूच्या नळ्या गिळायला लावल्या, तेव्हा त्या पेषणीत दबून चपट्या झाल्या. मात्र १७५२ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला घारीवरचा प्रयोग मला त्याहून मोलाचा वाटतो. दोन्ही तोंडांना जाळी लावलेल्या नळीत त्यांनी मांस भरले. घारीने ती नळी काही काळाने ओकून टाकली, तेव्हा नळी शाबूत होती, पण आतील मांस बरेचसे विरघळले होते. मांस रगडले गेलेच नव्हते, म्हणजे ते रसाने पचले होते. मांसाहारी पक्ष्यांची पेषणी पातळ असते ती यामुळेच. त्यांना दळण्याची गरज पडत नाही. गव्हाणी घुबड उंदीर अखंड गिळते आणि न पचलेली हाडे व केस यांची गोळी करून तोंडावाटे बाहेर टाकते.

आपल्या राज्यपक्ष्याचे, म्हणजे हरियालाचे, उदाहरणही पाहण्याजोगे आहे. वड-पिंपळाची फळे बुलबुल खातो तेव्हा बिया बहुधा अखंड बाहेर पडून रुजू शकतात. त्याच फळांतील बऱ्याच बिया हरियालाच्या पेषणीत मात्र दळल्या जातात.

एक खबरदारी घ्यावी. शिंपल्यांचा चुरा आणि खडे यांत गल्लत करू नये. चुरा आम्लात विरघळतो आणि त्यातील कॅल्शियम अंड्याच्या कवचासाठी उपयोगी पडते; दळणासाठी न विरघळणारे कठीण खडेच हवेत. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या ते स्वतः शोधतात. पावसाळ्यात त्या सतत कोंडलेल्या असतील आणि अख्खे धान्य खात असतील, तर एका पसरट भांड्यात धुतलेली भरड वाळू ठेवावी. त्यांना हवी तेवढी त्या टिपतात.