आडवा पडलेला सेफ्टी व्हॉल्व्ह आणि इतर प्रश्न

टाकीतला दाब मर्यादेपलीकडे गेला की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून तो बाहेर सोडतो; रप्चर डिस्क हा पातळ पत्रा तेच काम फाटून करतो. ही दोन्ही कशी ठेवायची, कशी हाताळायची, याबद्दलची पत्रं थांबत नाहीत. बहुतेकांच्या मुळाशी एकच गैरसमज असतो: वस्तू वापरलेली नाही, म्हणजे ती नवीच आहे. म्हणून ही उत्तरं एकत्र देतो आहे.

प्रश्न: नवी रप्चर डिस्क आली की आम्ही ती खोक्यातून काढतो, पुसतो आणि कपाटात ठेवतो. बरोबर ना?

उत्तर: नाही. खोक्यावरची माहिती ऑर्डरशी जुळवा आणि बसवायची वेळ येईपर्यंत डिस्क मूळ खोक्यातच राहू द्या.

प्रश्न: एका डिस्कच्या घुमटाला छोटा पोचा आला आहे. फोरमन म्हणतात, "फार तर जरा लवकर फुटेल, धोका नाही."

उत्तर: ही ऐकीव समजूत आहे आणि घातकही. १० बारची डिस्क साधारणपणे ५ टक्के कमी-जास्त, म्हणजे ९.५ ते १०.५ बारच्या दरम्यान फुटावी, अशी बनवलेली असते. हा नेमकेपणा पातळ पत्र्याच्या आकारातून येतो. उलट्या घुमटाच्या (घुमटाचा फुगवटा दाबाच्या बाजूला असलेल्या) डिस्कला पोचा पडला, तर घुमट कमी दाबातच पलटू शकतो आणि तरी पूर्ण फाटत नाही. मग ती फाटायला नोंदवलेल्या दाबापेक्षा बराच जास्त दाब लागू शकतो. अशी डिस्क बाद करा. नवी डिस्क फक्त कडेला धरून उचला, बाणाची दिशा पाहा आणि बोल्ट निर्मात्याने दिलेल्या टॉर्कलाच (आवळण्याच्या जोरालाच) आवळा.

प्रश्न: व्हॉल्व्ह उचलताना लीव्हरला (तो हाताने उघडण्याच्या दांड्याला) दोर बांधला तर चालेल?

उत्तर: अजिबात नाही.

प्रश्न: जुळणीसाठी आणलेला व्हॉल्व्ह दोन वर्षं शेडमध्ये आडवा पडून आहे. प्रमाणपत्र आहे, सीलही शाबूत आहे. सरळ बसवावा का?

उत्तर: नाही, आणि हे मला सविस्तर सांगायलाच हवं. सील एवढंच सांगतं की सेटिंगच्या स्क्रूला कोणी हात लावलेला नाही. प्रमाणपत्र चाचणीच्या दिवसाबद्दल बोलतं. मधल्या दोन वर्षांबद्दल दोन्ही गप्प असतात.

आत सीट (बैठक) आणि तिच्यावर बसणारी व्हॉल्व्हची डिस्क (झाकण; रप्चर डिस्क नव्हे) यांचे पृष्ठभाग आरशासारखे घासून जुळवलेले असतात. त्यांच्यात वाळूचा एक कण अडकला तरी गळती सुरू होते. व्हॉल्व्ह आडवा असला की हलत्या भागांचं वजन गाइडच्या (त्यांना सरळ रेषेत ठेवणाऱ्या भागाच्या) एका बाजूवर येतं आणि धक्क्याने जुळणी बिघडू शकते. फ्लँज (पाइपला जोडायची कड) उघडं असेल, तर ओल आत साचते आणि स्प्रिंग, गाइड गंजतात. गळती निदान दिसते, ऐकू येते. गंजाने अडकलेला व्हॉल्व्ह मात्र ज्या दिवशी दाब चढतो त्याच दिवशी कळतो. मला खरी भीती त्याची आहे.

व्हॉल्व्ह उभाच ठेवा, कोरड्या, धूळ नसलेल्या जागी, जमिनीवर न टेकवता लाकडी फळीवर. दोन्ही फ्लँजना पक्की झाकणं लावा. कापडाचे बोळे कोंबू नका, ते आत विसरले जातात. बसवण्याआधी टेस्ट बेंचवर सेट प्रेशर (व्हॉल्व्ह उघडण्याचा ठरवलेला दाब) आणि गळती दोन्ही तपासून घ्या. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या एपीआय ५२७ या मानकात गळती सहसा सेट प्रेशरच्या ९० टक्के दाबावर, पाण्यात बुडवलेल्या नळीतून मिनिटाला किती बुडबुडे येतात, ते मोजून ठरवतात. हे काम निर्मात्याकडे किंवा मान्यताप्राप्त दुरुस्ती केंद्रातच करून घ्या.

प्रश्न: नेमप्लेटचा फोटो पाठवा, दोन दिवसांत प्रमाणपत्र देतो, असं एक पुरवठादार म्हणतो. स्प्रिंग आवळून सेट प्रेशर ८ वरून १२ बार करून द्यायलाही तयार आहे.

उत्तर: फोटोवर चाचणी होत नाही. तो तुम्हाला कागद विकतो आहे. व्हॉल्व्ह न काढता जागेवर तपासणारी उपकरणं आहेत, पण त्यासाठीही माणसाला व्हॉल्व्हपाशी यावंच लागतं.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. प्रत्येक स्प्रिंगला दाबाचा ठरावीक पल्ला असतो. त्याबाहेर आवळली, तर व्हॉल्व्ह पूर्ण उचलला जाईलच असं नाही. शिवाय तुमची टाकी १२ बार सोसते का, हे त्या माणसाने विचारलंच नाही. सेट प्रेशर बदलायचं की नाही, हे टाकीच्या डिझाइनचा जबाबदार अभियंता आणि व्हॉल्व्हचा निर्माता मिळून ठरवतील.

प्रश्न: व्हॉल्व्ह थोडा गळतो आहे. शटडाऊन तीन महिन्यांवर आहे. तोवर गॅग (व्हॉल्व्ह उघडू न देणारा अडसर) लावून गळती थांबवू का?

उत्तर: नाही. चालू यंत्रणेवर गॅग लावला की संरक्षण संपलंच. शिवाय गळणारी वाफ किंवा वायू सीट रोज कापत जातो, त्यामुळे तीन महिन्यांनी दुरुस्ती वाढलेलीच असेल. तपासलेला बदली व्हॉल्व्ह मिळतो का, यंत्रणा थांबवावी लागेल का, हे आजच सुरक्षा अधिकाऱ्याशी बोला आणि जे ठरेल ते लेखी घ्या.