कुणी, काय करावं?

प्रिय पोरी,

तुझा तक्ता मिळाला. एकाच औषधाबद्दलचे तीन मजकूर : प्रिस्क्रिप्शन, वर्तमानपत्रातली बातमी आणि खोक्यातलं माहितीपत्रक. हेतू, स्वरूप, वाचक असे तीन रकाने. हेतूखाली तिन्ही ठिकाणी ‘माहिती देणे’, वाचकाखाली तिन्ही ठिकाणी ‘सर्वसामान्य लोक’. शेवटी तुझा प्रश्न : सगळं सारखंच येतंय, मग तुलना कशाची करू? प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण रकाने भरून गप्प बसणारे पुष्कळ असतात. तक्ता वाचून मात्र चिडले.

‘सर्वसामान्य लोक’ नावाचा वाचक मी आजवर पाहिलेला नाही. आणि ‘माहिती देणे’ हा हेतू नव्हे. कागद खाली ठेवल्यावर वाचणाऱ्यानं काहीतरी करावं, करत असलेलं थांबवावं किंवा निदान वेगळा विचार करावा, म्हणून माणूस लिहितो. तेव्हा प्रत्येक मजकुराला एकच विचार : कुणी, काय करावं? स्वरूपाकडे त्यानंतर बघ.

प्रिस्क्रिप्शन रुग्णाच्या हातात असतं, पण ते वाचायचं केमिस्टनं. त्यानं नेमकं औषध, नेमक्या ताकदीचं, नेमक्या दिवसांचं काढून द्यावं, एवढंच काम. म्हणून तिथे पूर्ण वाक्य लागतच नाही. बातमीचा वाचक कुठल्याही ओळीवर सोडून जाईल, हे बातमीदार धरूनच चालतो. म्हणून कोणतं औषध, कुणी बाजारातून मागे घेतलं आणि का, हे सगळं वर. शेवटचा परिच्छेद जागेअभावी कापला तरी बातमी उभी राहते.

माहितीपत्रकापाशी जरा थांब. आपल्याकडच्या अनेक माहितीपत्रकांवर इंग्रजीत लिहिलेलं असतं की हे फक्त नोंदणीकृत डॉक्टर, रुग्णालय किंवा प्रयोगशाळेसाठी आहे. पण खोकं उघडतो रुग्ण, नाहीतर त्याच्या घरातलं माणूस. लिहिलं एकासाठी, पडलं दुसऱ्याच्या हातात. शिवाय एक तिसरा वाचकही आहे : धोक्याची सूचना दिली होती का, हे पुढे तपासणारा. दुष्परिणामांची ती लांबलचक यादी त्याच्यासाठीही असते. आणि ती वाचून घाबरलेला रुग्ण गोळी बंद करतो, जे लिहिणाऱ्यांपैकी कुणालाच नको होतं. हे सगळं तुझ्या ‘सर्वसामान्य लोक’ या दोन शब्दांखाली गाडलं गेलं, म्हणून चिडले.

आता अवघड उदाहरण देते, कारण तुला ते पेलेल. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे इंग्रजीत निवेदन दिलं. 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ मराठीत लिहून झाला. माणूस तोच, तळमळ तीच. कष्टकऱ्यांच्या पैशावर राज्य चालतं आणि त्यांच्याच मुलांना शिक्षण मिळत नाही, हा सल दोन्हीकडे आहे. तुझ्या रकान्यात दोन्हींपुढे ‘शिक्षणाचा प्रसार’ असंच आलं असतं. पण आयोगानं शिफारस करायची होती. म्हणून तिथे आधी स्वतःचा शाळांचा अनुभव येतो, मग मोजूनमापून मागणी : प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा. शेतकऱ्याच्या हातात शिफारस नव्हती. त्यानं आपल्या हालांचं कारण ओळखावं, हे हवं होतं. ते लिखाण जोतीरावांनी गावोगाव वाचून दाखवलं. म्हणून ‘विद्येविना मती गेली, मतीविना नीती गेली’ या सुरुवातीच्या ओळी एकीचा शेवटचा धागा दुसरीच्या हातात देत जातात. अक्षरओळख नसलेल्यालाही ती साखळी ऐकता ऐकता पाठ व्हावी अशी आहे. कुणी, काय करावं, हे बदललं आणि भाषा, क्रम, आवाज सगळंच बदललं.

माझे सहकारी म्हणतात, तू सगळं उपयोगावर आणून ठेवतेस, मग कवितेचं काय? कवितेलाही वाचकाकडून काही हवंच असतं. त्यानं थांबावं, ओळ पुन्हा म्हणावी, हेही करणंच आहे. मी हेका सोडत नाही, कारण उमेदीची वर्षं मी फक्त ‘साहित्य’ वाचण्यात घालवली आणि अर्ज, नोटिसा, पत्रकं बाजूला सारली, याची रुखरुख अजून आहे. माणसांचं बरंवाईट त्या कागदांवर ठरत होतं. ते कमी दर्जाचे, असं तुझ्या वर्गात कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस. कवितेची बाजू घ्यायला पुष्कळ जण आहेत, माहितीपत्रकाची घ्यायला कुणी नाही. म्हणून मी जरा जोरात बोलते, एवढंच.

पुढच्या वेळी ‘गुलामगिरी’ घे. 1873 चं पुस्तक. अर्पणपत्रिका इंग्रजीत, एक प्रस्तावनाही इंग्रजीत, आणि आत धोंडिबा आणि जोतीराव यांचा मराठी संवाद. एकाच पुस्तकात दोन वाचक बसवलेत. सरळ निबंध लिहिता आला असता, तरी संवाद का, ते शोध. आधी धोंडिबाच्या तोंडचे प्रश्न तेवढे उतरवून काढ आणि ते प्रश्न कुणाच्या मनात असतील, याचा विचार कर. तुझं उत्तर माझ्याहून वेगळं आलं तर खुशाल भांड. पण भांडायला येताना, कुणी काय करावं, हे लिहून आण.

तुझी,
बाई