फिटलेल्या कर्जाचा कागद

एका भगिनीचे पत्र, थोडक्यात: “माझा जन्म विश्वासू घरात झाला. मी अनेक वर्षे संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवते आणि उपासना सहसा चुकवत नाही. सात वर्षांपूर्वी माझ्या पतींनी जुगारात मोठे कर्ज केले, ते माझ्यापासून लपवले आणि मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली रक्कमही घालवली. पुढे त्यांनी पश्चात्ताप केला, ते प्रभूकडे वळले आणि त्यांनी पै न पै फेडली. आता ते मंडळीसमोरच्या प्रत्येक साक्षीत ‘मी केवळ कृपेने तारला गेलो’ असे हसतमुखाने सांगतात. मला ही स्वस्त कृपा वाटते. भक्तिमान जीवनाची त्यांची तळमळ कमी झाली आहे. गेल्या महिन्यात त्यांनी दोनदा सकाळची कौटुंबिक प्रार्थना चुकवली. मी लहानपणापासून नेमाने चालत आले, तरी मला तारणाची खात्री वाटत नाही आणि त्यांना मात्र ती आहे. (त्या वेळी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलेला कबुलीचा कागद मी माझ्या पवित्र शास्त्राच्या कव्हरमध्ये जपून ठेवला आहे, पण तो विषय वेगळा.) पाळकांनी त्यांना समज द्यावी, असे मी सुचवू का?”

ताई, तो विषय वेगळा कसा? तुमच्या पत्रात मला उत्तर देण्याजोगा तोच एक विषय दिसला, आणि तुम्ही तो कंसात घातला आहे.

कर्ज फिटले की धनको कर्जरोखा परत करतो किंवा ऋणकोच्या देखत फाडतो, हा साधा व्यवहार आहे. तुमच्या पतींनी पै न पै फेडल्याचे तुम्हीच लिहिता. मग तो कागद आता कशासाठी आहे? पुरावा म्हणून म्हणावे, तर कोणी काही नाकारलेले नाही. उलट तुमचे पती ते सगळे साक्षीत चारचौघांसमोर स्वतःहून सांगतात. मला वाटते, वेळ पडली तर त्यांना त्यांची जागा दाखवता यावी, एवढ्यासाठीच तो ठेवलेला आहे. तो तुम्ही त्यांना कधी दाखवला नसेल, यावर मी विश्वास ठेवते. पण तो आपल्यापाशी आहे हे तुम्हाला रोज सकाळी पवित्र शास्त्र उघडताना ठाऊक असते, आणि त्याच बैठकीत तुम्ही त्यांच्या चुकलेल्या प्रार्थना मोजत असता.

ज्या ग्रंथाच्या कव्हरमध्ये तो कागद आहे, त्याच ग्रंथात पौलाने कलस्सैकरांना लिहिलेले पत्र आहे. त्याच्या दुसऱ्या अध्यायाच्या 14 व्या वचनात पौल म्हणतो की, आपल्याविरुद्ध असलेला ऋणाचा लेख देवाने खोडून टाकला आणि वधस्तंभाला खिळून रद्द केला. तुमच्या पतींचा लेख तिथे खिळला गेला असेल, तर तुमच्याजवळ आहे ती कशाची प्रत आहे? आणि तो तिथे खिळला गेला नाही असे तुमचे म्हणणे असेल, तर तुमचा स्वतःचा लेख खिळला गेला असे तुम्ही कोणत्या आधारावर मानणार? 130 व्या स्तोत्राचा कर्ता देवालाच विचारतो की, तू अधर्म लक्षात ठेवशील तर तुझ्यापुढे कोण टिकेल. देव जे टाळतो, ते तुम्ही सात वर्षे सांभाळून केले आहे.

तुम्हाला झालेली इजा खोटी होती, असे मी म्हणत नाही. मत्तयाच्या 18 व्या अध्यायातील दाखल्यात ज्या चाकराला राजाने दहा हजार तालांतांचे कर्ज माफ केले, त्याचे दुसऱ्या चाकराकडे शंभर दिनार येणे होते, आणि शंभर दिनार म्हणजे मजुराची तीन महिन्यांहून अधिक मजुरी होय. कोणत्याही घराला ही रक्कम जाणवेल. येशूने मुद्दामच ती क्षुल्लक ठेवलेली नाही. पण एका तालांताचे सुमारे सहा हजार दिनार धरले, तर पहिल्या चाकराला सुटलेले कर्ज सहा कोटी दिनार होते. राजाच्या दरबारातून तो बाहेर पडला आणि वाटेत त्याने आपल्या सोबत्याची मानगूट धरली. मुलांना हा दाखला शिकवताना आपण त्या चाकराला सहज दुष्ट ठरवून टाकतो. आपले शंभर दिनार खरोखरच बुडाले होते, ही त्याची बाजू आपण ऐकूनही घेत नाही. तुम्हाला मात्र ती चांगली समजावी.

आता ‘स्वस्त कृपा’ या शब्दांविषयी. ते डीट्रिख बोनहोफर या जर्मन पाळकाने 1937 साली प्रसिद्ध केले, आणि त्याचा रोख पश्चात्तापाशिवाय वाटल्या जाणाऱ्या क्षमेवर, शिष्यत्वावाचूनच्या व वधस्तंभावाचूनच्या कृपेवर होता. नाझी राजवटीला विरोध करणाऱ्या या माणसाला 1945 साली फाशी देण्यात आली, तेव्हा त्याचे शब्द वापरताना जरा जपून वापरावेत. ज्यांनी चुका लिहून दिल्या, कर्ज फेडले आणि लाज गिळून मंडळीसमोर बोलले, त्या तुमच्या पतींना ते लागू पडत नाहीत. लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत जकातदार जक्कयाचे आठवा. येशू आधी त्याच्या घरी गेला. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेल्यांना चौपट परत करण्याचे जक्कय त्यानंतर बोलला. इफिसकरांच्या पत्रातही क्रम हाच आहे: दुसऱ्या अध्यायाच्या 8 व्या व 9 व्या वचनांत तारण हे दान आहे, कर्मांचे फळ नव्हे, आणि लगेच 10 व्या वचनात आपण सत्कृत्यांसाठी निर्माण केलेले आहोत. या क्रमावरून पाश्चात्त्य मंडळी दुभंगली, कॅथलिक मंडळीच्या त्रेंत येथील धर्मसभेने 1547 साली त्यावर आपला निर्णय दिला, आणि नीतिमान ठरवले जाण्याविषयीच्या मूलभूत गोष्टींवर एकमत झाल्याच्या संयुक्त घोषणेवर कॅथलिक व लूथरन प्रतिनिधींनी सह्या केल्या त्या थेट 1999 साली. तुमच्या घरात तो वाद सकाळच्या प्रार्थनेच्या हजेरीवरून पुन्हा सुरू व्हावा, हे मला अतिशय दुःखद वाटते.

भक्तिमान जीवनाला किंमत नाही, असा याचा अर्थ कोणी काढू नये. कृपा वाढावी म्हणून पापात राहावे काय, या प्रश्नाला रोमकरांच्या पत्रात पौलाने ठणकावून नकार दिला आहे, आणि तीताच्या पत्रात तर कृपाच आपल्याला अभक्ती सोडून मर्यादेने, नीतीने व सुभक्तीने वागायला शिकवते असे म्हटले आहे. शिकवणारी कृपाच आहे, ताई. सात वर्षांत तिने एका जुगाऱ्याला कर्ज फेडायला आणि खरे बोलायला शिकवले. तिचा धडा नीट चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी तुमची नेमणूक झालेली नाही.

तुमच्या खात्रीच्या प्रश्नाकडे मी थोड्या मायेने येते, कारण तो खरा आहे आणि त्याचा त्रासही खरा आहे. तुमच्या पतींकडे देवापुढे ठेवण्यासारखे काहीच उरले नव्हते, म्हणून त्यांनी हात पुढे केला आणि दान घेतले. तुमच्याकडे मात्र ठेवण्यासारखे पुष्कळ आहे: उपासना, संडे स्कूल, लहानपणापासूनचा नेम. लूकच्या शुभवर्तमानातील परुश्याची, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुद्याची, यादीही अशीच होती. आठवड्यातून दोनदा उपास आणि सर्व मिळकतीचा दशमांश, यांतले काही खोटे होते असे येशू कुठेही म्हणत नाही. तरीही नीतिमान ठरून घरी गेला तो दूर उभा राहून केवळ दयेची याचना करणारा जकातदार. जो दुसऱ्याचा हिशेब लिहून ठेवतो, त्याला देवही वही उघडून बसलेला दिसतो, आणि अशा देवापुढे खात्री कोणालाच वाटणार नाही. तुमच्या पत्राचे पहिलेच वाक्य पुन्हा वाचा. विश्वासू घरात जन्म घेण्यासाठी तुम्ही काय केले होते? तुमच्या नेमाच्या आयुष्याचा आरंभच दानाने झाला आहे. ते त्यांच्यासारखे एका दिवसात हाती पडले नाही, म्हणून तुम्ही त्याला स्वतःची कमाई समजत आलात.

तेव्हा पाळकांना काही सुचवू नका. आज तो कागद काढा आणि फाडून टाका. एकट्यानेच फाडा. पतींना समोर बसवून, डोळ्यांत पाणी आणून ‘पाहा, मी किती मोठ्या मनाने सोडते आहे’ असा सोहळा केलात, तर जुन्या ऋणाच्या जागी नवे ऋण त्यांच्या माथी बसेल. हे केल्याने तारणाची खात्री मिळेल, अशी अपेक्षाही धरू नका. नाहीतर कागद फाडणे हेदेखील तुमच्या यादीतले आणखी एक सत्कृत्य होईल. पैशांचे व्यवहार दोघांच्या सहीने चालू असतील, तर ते तसेच चालू ठेवा. ज्याला जुगाराची सवय होती त्याच्यासाठी ती सोय आहे आणि त्याचा क्षमेशी संबंध नाही.

कागद गेला तरी त्यातला मजकूर तुम्हाला पाठ असणार, आणि एखाद्या भांडणात तो ओठांवर येईल. त्या वेळी, ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड’, हे मुलांकडून म्हणवून घेता ते वाक्य आधी स्वतःशी म्हणा, आणि मग काय बोलायचे ते ठरवा.