टेबल सॉ: आधी पातं, मग फेन्स

भावा, टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याची करवत) जुळवायची तर आधी प्लग काढ. नुसतं स्विच बंद करून पात्याला हात लावायचा नाही. एका दातावर मार्करनं खूण कर. माइटरच्या खाचेपासून (टेबलावरची पात्याला समांतर सरळ खाच) त्याचं अंतर पुढं मोज, पातं फिरवून तोच दात मागं नेऊन परत मोज. फरक ०.१ मिमीच्या आत हवा. जास्त असेल तर ट्रनियनचे (टेबलाखाली पातं धरणाऱ्या भागाचे) बोल्ट ढिले करून जुळव. फेन्स, म्हणजे फळी टेकवून सरकवायची पट्टी, त्यानंतरच जुळव. तिचं मागचं टोक पात्याकडं झुकलं की फळी आवळते, मागचे दात ती उचलून थेट अंगावर फेकतात. म्हणून रायव्हिंग नाइफ (पात्यामागची, कापलेली चीर उघडी ठेवणारी पत्ती) काढायची नाही. पातं फळीच्या वर ३-५ मिमी आलं की पुरे.

सांगलीत पावसाळ्यात लाईट जाते-येते. साधं बटण असेल तर लाईट आल्यावर मशीन आपोआप फिरतं. नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर (लाईट गेली की मशीन बंद करून, परत बटण दाबेपर्यंत बंदच ठेवणारा) बसव, तिथं पैसे वाचवू नकोस.