चमत्कार गाळू नकोस

चि.,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा आराखडा दोनदा वाचला. जुन्या इंग्लंडमधल्या अँग्लो-सॅक्सन राज्यांत ख्रिस्ती धर्म कसा पसरला, हे मराठीतून लिहायला घेतलंस याचा आनंद आहेच. पण पहिल्याच पानावर तू म्हटलं आहेस, 'बीडच्या लिखाणातले चमत्कार वगळून उरलेल्या मजकुराचा इतिहास म्हणून विचार केला आहे.' तिथे मी पेन्सिल खाली ठेवली. (आणि हो, हा बीड म्हणजे उत्तर इंग्लंडमधल्या जॅरोच्या ख्रिस्ती मठातला आठव्या शतकातला विद्वान, मराठवाड्यातला जिल्हा नव्हे, एवढी तळटीप टाक. लोक हसतील, तरी टाक.)

तांदळातले खडे वेचावेत तसे हे चमत्कार वेचून टाकता येत नाहीत. मीही माझ्या पहिल्या लेखात तेच केलं होतं. हाती उरली ती राजांची नावं, लढाया आणि सनावळ्या.

बीडनेच लिहिलेल्या संत कथबर्टच्या चरित्रातला एक प्रसंग घे. टाइन नदीच्या मुखापाशी मठासाठी लाकूड घेऊन पाच तराफे येत होते. वारा फिरला आणि तराफे माणसांसकट समुद्राकडे ओढले जाऊ लागले. पलीकडच्या काठावर गावकरी जमले होते. ते मदत करायची सोडून खिदळत होते. तरुण कथबर्टने त्यांना हटकलं, तर उत्तर आलं ते असं : यांच्यासाठी कुणी प्रार्थना करू नये, देवानेही यांच्यावर दया करू नये, यांनी आमची जुनी पूजाअर्चा काढून घेतली आणि नवी कशी करायची ते कुणालाच ठाऊक नाही. मग कथबर्टने गुडघे टेकले, वारा उलटला, तराफे सुखरूप काठाला लागले.

तुझ्या नियमाप्रमाणे हा सगळा उतारा बाद. पण त्या गावकऱ्यांचं बोलणं पुन्हा वाच. धर्मांतराच्या ज्या हकिकती आपण पाठ करतो, त्या सगळ्या दरबारातल्या. 597 साली रोमच्या पोपने धाडलेला धर्मप्रचारक ऑगस्टिन केंटमध्ये उतरला, तेव्हा राजा एथलबर्टची राणी बर्था आधीपासूनच ख्रिस्ती होती. उत्तरेकडच्या नॉर्थम्ब्रियाचा राजा एडविन याने 627 साली यॉर्कमध्ये बाप्तिस्मा घेतला, तोही ख्रिस्ती राजकन्येशी लग्न झाल्यावर. राजा पाण्यात उतरला की प्रजा मागोमाग. त्या प्रजेला काय वाटलं, हे क्वचितच कानावर येतं. इथे येतं, आणि येतं ते चमत्काराच्या पाठीवर बसून. वारा उलटल्याची गोष्ट सांगायची म्हणूनच बीडने आधीची शिवीगाळ जपून ठेवली. शिवाय ही गोष्ट कुठून मिळाली तेही तो सांगतो. त्याच्या मठातल्या एका बंधूला ती त्याच जमावातल्या एका अडाणी गावकऱ्याने चारचौघांत सांगितली होती, आणि खोटं रचायची त्याची कुवतच नव्हती! बीडची ही साक्षीपुराव्याची तऱ्हा मला फार आवडते.

दुसरं उदाहरण बार्डनीचं. नॉर्थम्ब्रियाचा राजा ऑस्वाल्ड याला 642 साली मर्सिया या दुसऱ्या राज्याचा राजा पेंडा याने लढाईत मारलं. पुढे त्याची पुतणी ऑस्थ्रिथ मर्सियाची राणी झाली आणि तिने चुलत्याच्या अस्थी लिंडसे प्रांतातल्या बार्डनीच्या मठात पाठवल्या. गाडी संध्याकाळी दाराशी पोचली. मठवासीयांनी दार उघडलं नाही. ऑस्वाल्ड पवित्र पुरुष होता हे त्यांना मान्य होतं, पण तो परमुलखातला, आणि त्याने आपल्यावर राज्य केलं, हा राग मेल्यानंतरही गेलेला नव्हता. अस्थी रात्रभर बाहेर, गाडीवर तंबू ताणलेला. रात्री गाडीवरून आकाशापर्यंत प्रकाशाचा खांब उभा राहिला, तो सगळ्या लिंडसेत दिसला म्हणे, आणि सकाळी हेच मठवासी अस्थी आत आणू द्या म्हणून विनवू लागले. तो प्रकाश खरा की खोटा यात मी पडत नाही. माझ्या मते त्या खांबाने बार्डनीकरांना इभ्रत राखून माघार घ्यायची वाट दिली. धर्म एक झाला तरी मुलखामुलखातलं वैर शिल्लक होतं, हे याहून नेमकं सांगणारा उतारा मला माहीत नाही.

आता दोन शब्दांबद्दल. तू सगळीकडे 'संत' लिहिलं आहेस. दुसरा शब्द नाही, मान्य. पण मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे लगेच टाळ-वीणा येते, तुकोबांचं दुकान आणि सावतोबांचा मळा येतो. ऑस्वाल्ड तर तलवार हातात असलेला राजा. व्हिटबीची मठाध्यक्षा हिल्डा राजघराण्यातली, तिच्या हाताखाली स्त्रियाही होत्या आणि पुरुषही. लिंडिस्फार्नचा बिशप एडन मात्र आपल्याला ओळखीचा वाटेल. राजा ऑस्वाइनने दिलेला उमदा घोडा त्याने वाटेत भेटलेल्या भिकाऱ्याला साजासकट देऊन टाकला.

'मठ' या शब्दाचंही तसंच. जॅरोच्या मठाला राजाने चाळीस कुटुंबांच्या पोटापुरती जमीन दिली होती. त्याच मठाने विश्ववर्णनाचा एक सुंदर ग्रंथ राजा आल्डफ्रिथला दिला, त्याच्या बदल्यात आठ कुटुंबांची जमीन मिळाली. एका पोथीची ही किंमत! चर्मपत्रासाठी लागणारी शेकडो वासरं धरली, तर जमीन, गुरं आणि ग्रंथ यांचा हिशेब एकाच वहीत मांडावा लागेल. त्यावर तू दोनच ओळी लिहिल्या आहेस. वाढव.

ईस्टरची तारीख कशी काढायची या वादाला दिलेली सहा पानं कमी कर. राजा ऑस्विउ सण साजरा करतोय आणि त्याची राणी अजून उपास करतेय, हे चित्र पुरे. स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादश्या पाहिलेल्या वाचकाला ते समजवायला गणित लागत नाही. 664 सालच्या व्हिटबीच्या सभेत रोमची गणना मान्य झाली, तिथे थांब.

आणखी एक दुरुस्ती. पोप ग्रेगरीचं धोरण सहिष्णू होतं, असं तू सरळ लिहून टाकलंस. 601 साली त्याने धर्मप्रचारक मेलिटसला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहेच : मूर्ती मोडा, पण देवळं पाडू नका, तीर्थ शिंपडून तीच वापरा, बैल कापायचे तर देवाचे आभार मानून जेवणासाठी कापू द्या. पण त्याच्या काही आठवडे आधीच त्याने एथलबर्टला देवळं उद्ध्वस्त करायला सांगितलं होतं. दोन्ही पत्रं शेजारी ठेव. माणूस मधल्या काळात विचार करत होता, एवढं त्यातून दिसतं.

शेवटचं काम, आणि हे सुट्टीच्या आत हवं. 731 साली बीडने आपला इतिहास पुरा केला, त्यात मठांचं कौतुक आहे. 734 साली, मरणाच्या आदल्या वर्षी, त्याने यॉर्कच्या बिशप एगबर्टला पत्र लिहिलं. त्यात तो चिडलेला आहे. सरदार मठाच्या नावाखाली जमिनी लाटतात, तिथे बायकामुलांसह राहतात. डोंगराआडच्या खेड्यांत वर्षानुवर्षं बिशप फिरकत नाही, पण त्याचा कर मात्र चुकत नाही. आता टाइनकाठचे गावकरी आठव. त्यांची तक्रार आणि म्हाताऱ्या बीडची तक्रार समोरासमोर ठेवून तिसरं प्रकरण नव्याने लिही. लॅटिन अडलं तर फोन कर, दुपारी चारनंतर.

तुझ्या
बाई